शाम्पूतलं मीठ, बोअरचं पाणी आणि तुरटीचा खडा: त्वचेला नि केसांना क्षार चालतात का?

मुक्ता_वाघोली | ३ मार्च, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचते आहे, आज पहिला धागा काढतेय.

गेल्या दिवाळीत आम्ही इकडे राहायला आलो. सोसायटीला अर्धं पाणी बोअरचं, अर्धं टँकरचं. तीन महिन्यांत नळांच्या तोट्यांवर पांढरी पुटं चढली. माझे केस धुतल्यावर असे होतात की कंगवा अर्ध्यात अडकतो. आंघोळीनंतर पोटरीवर नख ओढलं तर पांढरी रेघ उठते. पाच वर्षांच्या लेकीच्या कोपराच्या खोबणीत सतत खाज. डॉक्टरांनी मलम दिलंय, त्याने आठवडाभर बरं वाटतं आणि मग पुन्हा तेच.

जानेवारीत केस सरळ करून घेतले. पार्लरवाल्या ताई म्हणाल्या, ‘मीठ असलेला शाम्पू लावलात तर सगळे पैसे पाण्यात.’ घरी येऊन तीन बाटल्या पाहिल्या, तिन्हींवर सोडियम क्लोराइड! लेकीच्या क्रीमवर मॅग्नेशियम सल्फेट. सासूबाई म्हणतात बादलीत तुरटी फिरव. ऑफिसातली मैत्रीण म्हणते मृत समुद्राचं मीठ अंगाला चोळ. एक मीठ काढून टाकायचं आणि दुसरं विकत घ्यायचं, हे मला कळेनासं झालंय.

नेमकं कोणतं मीठ काय करतं, हे कुणी नीट सांगेल का? लेकीमुळे खरंच काळजी वाटते.

सुहास_ठाणे | ३ मार्च, रात्री ९:४०

तुरटीने गढूळ पाणी निवळतं, जड पाणी हलकं होत नाही. ती बादलीत फिरवून उपयोग नाही. बाकीचं जाणकार सांगतीलच, मीही वाचतोय.

श्रीरंग_अंबरनाथ | ३ मार्च, रात्री ११:०५

मुक्ताताई, मी बावीस वर्षं एमआयडीसीत शाम्पू आणि क्रीमच्या उत्पादनात काढली. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी रोज हाताने करत होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शाम्पूत मीठ असतं ते दाटपणासाठी. मळ काढायचं काम त्यातला सर्फॅक्टंट करतो, बहुतेक बाटल्यांत सोडियम लॉरेथ सल्फेट. याच्या रेणूला एक डोकं आणि एक शेपटी असते. शेपटीला पाणी नको असतं, म्हणून हे रेणू शेपट्या आत आणि डोकी बाहेर करून बारीक गोळ्या बांधतात. डोक्यांवर ऋण भार असल्यामुळे ती एकमेकांना ढकलतात, आणि गोळ्या छोट्याच राहतात. अशा वेळी टाकीतला माल पाण्यासारखा पातळ असतो. आता त्यात मीठ सोडलं की सोडियमचे धन भार त्या डोक्यांमध्ये जाऊन बसतात, ढकलाढकली कमी होते, आणि गोळ्या लांबत लांबत शेवयांसारख्या होतात. शेवया एकमेकींत गुंतल्या की माल दाटतो. बाटली उलटी केल्यावर जी संथ धार पडते ती या गुंत्यामुळे.

पण मीठ वाढवत गेलं की दाटपणाही वाढत जातो असं नाही. एक शिखर येतं, आणि त्यापुढे आणखी मीठ गेलं की माल पुन्हा पातळ व्हायला लागतो. आम्ही मिठाचं पाणी वेगळं करून ठेवायचो आणि शेवटी थोडं थोडं सोडायचो, दर वेळी नमुना काढून दाटपणा मोजायचा. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्रपाळीत मी घाई केली. उन्हाळ्याचे दिवस, टाकी नीट थंड झालेली नव्हती. गरम माल पातळच दिसतो, म्हणून मी मीठ सोडत राहिलो. पहाटे माल थंड झाला तरी दाटेना. शिखर कधीच मागे पडलं होतं. तो माल सर्फॅक्टंट आणि पाणी वाढवून सावरावा लागला आणि त्यात पूर्ण दिवस गेला. तेव्हापासून टाकीचं तापमान पाहिल्याशिवाय मी मिठाच्या झडपेला हात लावला नाही.

आता प्रमाण बघा. साधारणपणे शाम्पूत एक ते तीन टक्के मीठ असतं. डोक्यावर पाणी मिसळून तो दहापट तरी पातळ होतो, म्हणजे उरलं ०.१ ते ०.३ टक्के. सलाइनच्या बाटलीत ०.९ टक्के असतं. आपला घामही साधारण त्या फेसाइतका खारट असतो, आणि तो उन्हाळाभर केसांच्या मुळाशी असतो. दोन मिनिटांत धुऊन जाणाऱ्या एवढ्याशा मिठाने सरळ केलेले केस बिघडतात, हे मला पटत नाही. सरळ केल्याचा परिणाम झिजवतो तो कडक सर्फॅक्टंट आणि रोजचं धुणं. सौम्य शाम्पू घ्या, आठवड्यातून दोनदाच धुवा.

‘सॉल्ट फ्री’ लिहिलेल्या बाटलीबद्दलही सांगतो. फेस मऊ करायला कोकामिडोप्रोपिल बीटेन घालतात. ते तयार होताना त्यातच मीठ निर्माण होतं. तीस टक्क्यांच्या बीटेनमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास मीठ असतंच. म्हणजे वरून चिमूटभरही घातलं नाही तरी बाटलीत ते आलेलं असतं. या दोन शब्दांसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

लेकीच्या क्रीममधलं मॅग्नेशियम सल्फेट निराळ्या कामाचं आहे. काही क्रीममध्ये तेलात पाण्याचे बारीक थेंब बसवलेले असतात. हे थेंब एकमेकांत मिसळून मोठे व्हायला बघतात, मग क्रीमला पाणी सुटतं. थेंबांत अर्धा-एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट विरघळवलं की छोट्या थेंबांतलं पाणी मोठ्यांकडे जात नाही आणि क्रीम टिकतं. निवियाचं क्रीम १९११ साली हॅम्बुर्गमध्ये निघालं ते याच जातीचं, पाणी तेलात बसवलेलं. आजच्या निळ्या डबीच्या घटकांतही मॅग्नेशियम सल्फेट आहे. त्याने लेकीला काही होणार नाही.

प्राची_डोंबिवली | ४ मार्च, सकाळी ८:२०

काका, मग नावात ‘सोडियम’ दिसलं की मीठ असं समजायचं नाही ना? माझ्या सीरमवर सोडियम हायलुरोनेट आहे आणि मी घाबरून तीन आठवडे लावलंच नाही.

श्रीरंग_अंबरनाथ | ४ मार्च, सकाळी ९:०२

प्राचीताई, लावा बिनधास्त. आम्लाचा क्षार केला की ते पाण्यात सहज विरघळतं आणि टिकतं, म्हणून ती नावं तशी. सोडियम हायलुरोनेट हा हायलुरोनिक ॲसिडचा क्षार. सोडियम पीसीए आणि लॅक्टेट तर आपल्या त्वचेच्या वरच्या थरात मुळातच असतात, तेच तिथे पाणी धरून ठेवतात. सोडियम बेंझोएट आणि पोटॅशियम सॉर्बेट बुरशी येऊ देत नाहीत, पण क्रीम आम्लधर्मी असेल तरच, साधारण पाच पीएचच्या खाली. घरी केलेल्या क्रीममध्ये बेंझोएट टाकूनही आठ दिवसांत बुरशी येते ती बहुधा याच कारणाने.

वृंदा_अकोला | ४ मार्च, दुपारी २:३५

मुक्ता, तुझं वाचून माझंच कोणी लिहिलंय असं वाटलं. मी लग्न होऊन खारपाण पट्ट्यात आले. बाहेरच्यांसाठी सांगते, पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलडाणा मिळून असा मोठा पट्टा आहे जिथे जमिनीखालचं पाणीच खारं आहे. विहीर खणा नाहीतर बोअर मारा, तोंडात घेतलं की थुंकावंच लागते.

पहिल्या दिवशी न्हायला बसले आणि साबण हातात फिरवत राहिले, फेस येईचना. नुसता पांढरा, चिकट साका अंगाला आणि बादलीच्या कडेला लागत होता. मला वाटलं साबणच खराब आहे. सासूबाईंनी न बोलता शिकेकाईचं पाणी आणून ठेवलं. म्हणाल्या, ‘आपल्या पाण्यात साबण नाही चालत बाई, हेच चालते.’ केस इतके सुटे झाले की मी माहेरी फोन करून सांगितलं. पावसाळ्यात पहिले दोन पाऊस सोडून मग पागोळीचं पाणी आम्ही पिंपात धरतो. ते पिण्याला आणि डोक्याला, बाकी सगळ्याला बोअर.

माझं माहेर मेहकरकडचं, लोणार जवळ. तिथे तर उलटीच गोष्ट. सरोवराचं पाणी इतकं अल्कधर्मी, पीएच दहाच्या आसपास, की पूर्वी लोक त्यातून खार काढायचे. आजोबा नावं सांगायचे, डल्ला, खप्पल, पापडी, भुसकी. अकबराच्या काळातल्या ‘आईन-ए-अकबरी’तही लिहून ठेवलंय की इथे काच आणि साबण करायला लागणारं सगळं मिळतं. म्हणजे माहेरी साबणाचा कच्चा माल आणि सासरी साबण चालेना अशी माझी गत.

श्रीरंगदादा, एक विचारते. शिकेकाई खाऱ्या पाण्यात का चालते आणि साबण का नाही? सासूबाई गेल्या, त्यांना कारण माहीत नव्हतं पण हातात ज्ञान होतं. मला कारण जाणून घ्यायचं आहे.

विज्ञानवाले_सर | ४ मार्च, सायंकाळी ६:१५

वृंदाताई, हे मी तीस वर्षं आठवीच्या वर्गात शिकवलंय, मी सांगतो.

आपल्या पाठ्यपुस्तकात दोन फार नेमके शब्द आहेत: सुफेन पाणी आणि दुष्फेन पाणी. ज्यात साबणाचा फेस होतो ते सुफेन, होत नाही ते दुष्फेन, म्हणजेच जड पाणी. दुष्फेन पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण म्हणजे स्निग्धाम्लाचा सोडियम क्षार, तो पाण्यात विरघळतो. कॅल्शियम भेटलं की ते सोडियमला बाजूला सारून त्या स्निग्धाम्लाला चिकटतं. तयार होणारा कॅल्शियम क्षार पाण्यात विरघळत नाही. तुम्ही पाहिलात तो साका म्हणजे हाच. तो कातडीवर बसतो, केसांवर बसतो, मोरीच्या फरशीवर बसतो. मुक्ताताईंच्या पोटरीवरच्या पांढऱ्या रेघेत कोरड्या कातडीइतकाच त्याचाही वाटा असणार.

शिकेकाई आणि रिठ्यात फेस येतो तो सॅपोनिनमुळे. सॅपोनिनला सोडियमची गरज नाही, त्यामुळे कॅल्शियमला तिथे पकडायला काही मिळतच नाही. साका होत नाही, फेस टिकतो. शिवाय शिकेकाई आंबट असते, तिने केसावरचा जुना थरही सुटतो. तुमच्या सासूबाईंनी दुष्फेन पाण्यावरचा अचूक उपाय दिला होता.

मुक्ताताई, घरच्या घरी करून बघा. दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं. दोन्हींत अंघोळीच्या साबणाचा नखाएवढा कीस टाका, झाकण लावून वीस वेळा हलवा. काही सांगायची गरज उरणार नाही. आणि बाजारात मिळणारा टीडीएस मीटर आणून त्यावरून जडपणा ठरवू नका. तो सगळे क्षार एकत्र मोजतो. साधं मीठ जास्त असलं तरी आकडा चढतो, पण मिठाने पाणी जड होत नाही. प्रयोगशाळेकडून ‘एकूण कठीणता’, म्हणजे जडपणाचा आकडा, मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ती लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी असं आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावी.

मुक्ता_वाघोली | ४ मार्च, रात्री १०:३०

सर, वृंदाताई, श्रीरंगकाका, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. सेक्रेटरींकडे जुना रिपोर्ट मिळाला: एकूण कठीणता ४८०. आणि लेकीची खाज? पाण्यानेच होते का हो?

विज्ञानवाले_सर | ५ मार्च, सकाळी ७:१०

याबाबत दोन अभ्यास माझ्या वाचनात आहेत आणि ते दोन बाजूंना ओढतात, म्हणून दोन्ही सांगतो. २०१८ साली शेफील्ड विद्यापीठ आणि लंडनचं किंग्ज कॉलेज इथल्या संशोधकांनी दाखवलं की जड पाण्याने धुतल्यावर सर्फॅक्टंट कातडीवर जास्त साचून राहतो आणि त्याने दाह वाढतो, विशेषतः ज्यांना एक्झिमा (कोरडा, खाजरा त्वचारोग) आहे त्यांना. पण त्याआधी, २०११ मध्ये, इंग्लंडमध्येच एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर प्रयोग झाला होता. काहींच्या घरी पाणी मऊ करणारं यंत्र बसवलं, काहींच्या नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांतल्या मुलांच्या एक्झिमात फरक दिसला नाही.

माझं मत असं की पाण्यावर खर्च करण्याआधी साबण बदला. ‘सिंडेट’ लिहिलेली वडी मिळते, ती साबण नसते, तिचा साका होत नाही आणि पीएचही कातडीला मानवणारा असतो. साबण कितीही भारी असो, टीएफएम (साबणातल्या स्निग्धांशाचा आकडा) ७६ च्या वरचा असो, तो साबणच, जड पाण्यात साका करणारच. कोमट पाणी, थोडक्यात आंघोळ, अंग ओलसर असतानाच क्रीम. डॉक्टरांचं मलम त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

श्रीरंग_अंबरनाथ | ५ मार्च, सकाळी १०:४४

सरांना पूर्ण पाठिंबा. केसांसाठी एक सोपं: शेवटच्या लिटरभर पाण्यात पाव चमचा लिंबूसत्त्व विरघळवून केसांवरून सोडा, डोळे मिटून, आणि मग साध्या मगभर पाण्याने धुवा. साका आम्लात सुटतो. महिन्यातून दोन-तीनदा पुरे. डोक्याला जखम किंवा ओरखडा असेल तर नको.

घटकांत ‘ईडीटीए’ दिसेल तो याच कामाचा आहे, कॅल्शियमला पकडून ठेवतो. जड पाण्यात असा शाम्पू बरा पडतो.

नाभिक_पोरगा | ५ मार्च, रात्री ९:५०

तुरटीचा विषय निघालाच आहे तर मी लिहितो. आमच्या तीन पिढ्या याच धंद्यात. आज्याची पेटी अजून घरात आहे. वस्तरा, पट्टा, वाटी आणि एका चौकोनी डबीत तुरटीचा खडा, इतका वापरलेला की मधोमध खोलगट झालाय, बोट बरोबर बसतं त्यात.

दाढी झाली की ओल्या गालावर खडा एकदाच फिरवायचा. तुरटी म्हणजे पोटॅशियम आणि ॲल्युमिनियमचं जोडसल्फेट. ती आंबट असते, कातडीवरची प्रथिनं आवळते, म्हणून बारीक कापलेल्या जागी रक्त थांबतं आणि गाल ताणल्यासारखा वाटतो. आज्या म्हणायचा, ‘जिथं चुरचुरलं तिथं वस्तरा चुकला.’ गिऱ्हाईकाच्या चेहऱ्याकडे बघून तो आपला हात सुधारायचा. मी पण तसंच शिकलो.

पण एक गोष्ट मी दुकानात बदलली आणि वडलांशी त्यावर आठ दिवस बोलणं नव्हतं. तोच खडा दहा गालांवर फिरवायचा नाही. एकाच्या रक्ताचा अंश दुसऱ्याच्या ओरखड्यात गेला तर कावीळ-बी, एचआयव्ही असले आजार पसरू शकतात. आता मी तुरटी पाण्यात विरघळवून फवारणीच्या बाटलीत ठेवतो. वडीलही आता तेच वापरतात. तुमच्या सलूनमध्ये सगळ्यांना एकच खडा असेल तर सरळ सांगा, आमच्या लोकांनी वाईट वाटून घेऊ नये.

आणि चेहरा गोरा करायला रोज तुरटी चोळणारी पोरं येतात माझ्याकडे. गोरं काही होत नाही. कातडी सुकते, पापुद्रे निघतात, मग ती काळी पडते.

निसर्गमय | ६ मार्च, सकाळी ११:१८

मी दोन वर्षं स्फटिकाचा डिओडरंट वापरते. पूर्ण नैसर्गिक, ॲल्युमिनियम-मुक्त. बाजारातल्या ॲल्युमिनियमवाल्या डिओने कर्करोग होतो, त्यापेक्षा हे घ्या सगळ्यांनी.

नाभिक_पोरगा | ६ मार्च, दुपारी १:०२

ताई, तो स्फटिक म्हणजे तुरटीच. आणि तुरटीत ॲल्युमिनियम असतंच, त्याशिवाय तुरटी होतच नाही. बाटलीवर मागे ‘पोटॅशियम ॲलम’ किंवा ‘अमोनियम ॲलम’ लिहिलंय का बघा.

निसर्गमय | ६ मार्च, दुपारी १:४०

पाहिलं. पोटॅशियम ॲलम लिहिलंय, आणि पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरांत ॲल्युमिनियम-मुक्त. मला फसवल्यासारखं वाटतंय.

श्रीरंग_अंबरनाथ | ६ मार्च, दुपारी ३:१५

वाटणारच. पण वस्तू वाईट नाही, लेबल खोटं आहे. घामाला मूळचा वास नसतो, कातडीवरचे जिवाणू तो निर्माण करतात. तुरटी त्या जिवाणूंना वाढू देत नाही. घाम थांबवणाऱ्या डिओत ॲल्युमिनियम क्लोरोहायड्रेट असतं, ते घामाच्या नळीच्या तोंडाशी तात्पुरतं बूच बसवतं. त्याने स्तनाचा कर्करोग होतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल त्यांनी मात्र घाम रोखणारे डिओ डॉक्टरांना विचारून वापरावेत.

तेवढ्यात हेही सांगतो: काखेतला काळेपणा घालवायला खायचा सोडा आणि लिंबू लावू नका. सोड्याचा पीएच आठच्या वर, कातडीचा पाचच्या आसपास, आणि लिंबू अडीचला. कातडी दोन्हीकडून भाजते.

रिबेका_दिमोना | ७ मार्च, रात्री १२:२०

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली ज्यू, आजी अलिबागजवळच्या गावातली, आम्ही आता इस्राएलमध्ये दिमोनाला असतो. घरी अजून मराठीच बोलतो. मृत समुद्र आमच्याकडून गाडीने तासाच्या आत, म्हणून मुक्तासाठी लिहिते.

त्या पाण्यात पहिल्यांदा हात घातला की ते पाणी वाटतच नाही. बोटांवर तेल चोळल्यासारखं बुळबुळीत लागतं. साध्या समुद्रात साडेतीन टक्के क्षार, इथे जवळजवळ चौतीस. आणि ते आपलं खायचं मीठ नाही. साध्या समुद्रात बहुतेक सोडियम क्लोराइड असतं, इथे सगळ्यात मोठा वाटा मॅग्नेशियम क्लोराइडचा. ती बुळबुळ मॅग्नेशियम आणि कॅल्शियमची. तोंडात थेंब गेला तर खारट नाही, कडू लागतं. आदल्या दिवशी पायांचे केस काढले असतील तर पाण्यात उतरूच नये. एकदा बहिणीने ऐकलं नाही आणि रडत बाहेर आली. डोळ्यात गेलं तर लगेच गोड्या पाण्याने धुवायचं. पंधरा-वीस मिनिटं पुरे, मग बाहेर येऊन अंगावर नळ.

सोरायसिसचे रुग्ण इथे आठवडेच्या आठवडे येऊन राहतात आणि खूप जणांना फरक पडतो, हे मी डोळ्यांनी पाहते. पण तो नुसत्या मिठाचा गुण नाही. ही जागा समुद्रसपाटीच्या ४३० मीटरांहून खाली आहे. एवढ्या खाली ऊन हवेच्या जास्त जाड थरातून गाळून येतं, त्यामुळे रुग्णांना न भाजता जास्त वेळ उन्हात राहता येतं. डॉक्टर उन्हाचे तास ठरवून देतात. ते ऊन पाकिटात भरून पुण्याला येत नाही.

मिठाचाही स्वतःचा उपयोग आहे, तोही सांगते. २००५ मध्ये जर्मनीत कोरड्या, खाजऱ्या कातडीच्या लोकांनी सहा आठवडे एक हात पाच टक्के मृत समुद्राच्या मिठाच्या पाण्यात आणि दुसरा साध्या पाण्यात, पंधरा-पंधरा मिनिटं बुडवला. मिठाच्या बाजूची कातडी जास्त ओलसर राहिली, लाली कमी झाली. मॅग्नेशियम पाणी धरून ठेवतं. पण बघ, त्यांनी बुडवलं, चोळलं नाही. मिठाचे खडे अंगावर घासणं ही निराळी गोष्ट. खड्याला कडा असतात, लेकीच्या कोपराला तर अजिबात नको.

तुम्ही फोटोत पाहता ती हॉटेलं ‘ऐन बोकेक’ नावाच्या ठिकाणी आहेत. तिथलं पाणी आता मूळ समुद्राचं राहिलेलं नाही, पोटॅश आणि मॅग्नेशियम काढायच्या कारखान्याचे बाष्पीभवनाचे तलाव आहेत ते. खरा समुद्र उत्तरेला, आणि त्याची पातळी दर वर्षी मीटरभर खाली जाते. लहानपणी आम्ही जिथे उतरायचो तिथून पाणी आता दिसतही नाही, आणि किनाऱ्यावर जमीन खचून खड्डे पडले आहेत. पाकिटावर हा समुद्र सुंदर दिसतो. आम्हाला त्याच्याकडे बघून वाईट वाटतं.

वृंदा_अकोला | ७ मार्च, सकाळी ६:५५

रिबेकाताई, वाचून गळा दाटून आला. मिठागरांच्या मुलखातून गेलेली माणसं तिकडे पुन्हा मिठाशेजारीच राहिली.

रिबेका_दिमोना | ७ मार्च, दुपारी १२:१०

हो ग. आजी शनवार तेली, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या ज्यू तेल्यांतली. आमचं तेलाचं घर, मीठ शेजारच्या आगरी लोकांचं. ती सांगायची, मिठागरात दिवसभर उभं राहून त्यांच्या टाचा इतक्या फुटायच्या की संध्याकाळी आमच्याकडचं खोबरेल तेल कोमट करून भरायचे.

सुमनकाकू_पंढरपूर | ८ मार्च, दुपारी ४:३०

माझ्या सुनेने हे सगळं मला वाचून दाखवलं. एक क्षार राहिला, तो मी सांगते, ती टंकते आहे.

आमच्या लहानपणी कुंकू घरी व्हायचं. हळद, लिंबाचा रस, सवागी म्हणजे टाकणखार, आणि थोडी तुरटी. सवागी आणि तुरटी लिंबाच्या रसात विरघळवून त्यात हळद कालवायची. कालवता कालवता पिवळं नारिंगी होतं, नारिंगीचं लाल होतं. आम्ही पोरी परातीभोवती बसून तेच बघायचो. मग सावलीत वाळवायचं, उन्हात नाही. कुटायचं, वस्त्रगाळ करायचं, शेवटी तुपाचं बोट. ते कुंकू पन्नास वर्षं माझ्या कपाळावर आहे, कधी खाज नाही की डाग नाही. माझ्या धाकट्या जावेला मात्र टिकलीच्या डिंकाने कपाळावर पांढरा डाग पडला, तो गेलाच नाही.

विज्ञानवाले_सर | ८ मार्च, सायंकाळी ७:००

काकू, ते लाल होणं हे उत्तम रसायनशास्त्र आहे. टाकणखारात बोरॉन असतो. आम्लात हळदीतला करक्युमिन बोरॉनला धरतो आणि लाल रंग तयार होतो. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात, तो याच गुणावर. म्हणून लिंबाशिवाय तुमचं कुंकू झालं नसतं.

एक विनंती मात्र सर्व वाचणाऱ्या आयांना. टाकणखार मधात कालवून बाळाच्या तोंडाला लावायची पद्धत अजून काही घरांत आहे. कृपा करून करू नका. तो पोटात गेला तर विषारी आहे, त्याने बाळांना झटके आल्याच्या नोंदी आहेत. वर्षाच्या आतल्या बाळाला मधही द्यायचा नसतो. युरोपात टाकणखार आता प्रसाधनांतही चालत नाही.

सुमनकाकू_पंढरपूर | ८ मार्च, रात्री ८:१५

सर, ते मी माझ्या दोन्ही मुलांना लावलं होतं. त्यांना काही झालं नाही, पण नातवंडाला लावणार नाही. डबी सुनेकडे दिली.

मुक्ता_वाघोली | २९ मार्च, रात्री ९:२५

तीन आठवड्यांनी लिहितेय. शाम्पू तोच, मीठवाला. शेवटच्या पाण्यात लिंबूसत्त्व सुरू केलं, पहिल्याच खेपेला कंगवा सरळ खाली आला. लेकीला सिंडेट वडी आणि ओल्या अंगावर क्रीम, मलम डॉक्टरांनी सांगितलं तसंच चालू. खोबणीतली लाली उतरली आहे, रात्रीची खाज जवळपास थांबली. पाण्याचा वाटा किती आणि वडीचा किती ते मला नाही सांगता येणार. सोसायटीत पाणी मऊ करायच्या यंत्राचा विषय मांडला. गंमत म्हणजे त्या यंत्रातलं रेझिन दर काही दिवसांनी ताजं करायला पोती भरून साधं मीठच लागतं, ते सोडियम देऊन कॅल्शियम काढून घेतं. त्याचं खारं पाणी कुठे सोडायचं यावर सभा अडली आहे. श्रीरंगकाका, यावर काही सुचत असेल तर लिहा.

आणि सरांचा प्रयोग केला. दोन बाटल्या लेकीच्या हातात दिल्या, तिने वीस ऐवजी पन्नास वेळा हलवल्या. आरओच्या पाण्याची बाटली गळ्यापर्यंत फेसाने भरली. नळाच्या पाण्यात वर एक पांढरा, फाटलेल्या दुधासारखा साका तरंगत राहिला. तिने तो बराच वेळ निरखला आणि विचारलं, ‘आई, हे माझ्या हातावर होतं?’

विज्ञानवाले_सर | ३० मार्च, सकाळी ६:४०

तिला सांगा, हो. आणि त्या बाटलीत आता थोडं लिंबूसत्त्व टाकून पुन्हा हलवायला लावा.